लेखणीची येसकरपाळी

परवा एका शहाण्या माणसाने मला लेखक व्हायला शिकवलं. फुकट नाही. दोनशे रुपये घेतले आणि वर एक समोसा दिला.

जिल्ह्याच्या गावात वाचनालयाच्या माडीवर शिबिर होतं. फळ्यावर विषय लिहिला होता : ‘फ्रीलान्स लेखकाने स्पर्धेत वेगळे कसे उठून दिसावे.’ मी रातपाळी करून, केसांतला कापूस न झटकता एस.टी.ने गेलो. पाहुणे पांढऱ्या झब्ब्यात. प्रत्येकाला विचारत होते, आपण कोण, काय लिहिता? माझी पाळी आली. मी म्हटलं, सूतगिरणीत रिंगखात्यात सायडर आहे. कविता लिहितो. जय भीम.

पाहुण्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, “अहो, मग तुम्हाला अडचण कसली? तुमच्याकडे तर तयार माल आहे! वस्ती, गिरणी, जात, दुःख. बाकीच्यांनी हे आणायचं कुठून? तुम्ही फक्त विकायला शिका.”

तयार माल.

मित्रांनो, गिरणीत तयार माल म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. रात्रभर मी त्याच्याबरोबर असतो. तो गेटातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्यावर मालकाचं लेबल असतं. आणि तो करणारा त्याच गेटातून बाहेर पडतो तेव्हा त्याची झडती होते. खिशात मूठभर सूत तर नाही ना! माल सन्मानाने ट्रकमध्ये, कामगार हात वर करून रांगेत. मग माझं दुःख तयार माल असेल तर त्याच्यावर लेबल कुणाचं लागणार? आणि झडती कुणाची होणार?

हे मी तिथं विचारलं नाही. समोसा खाल्ला आणि आलो. तेव्हाची गप्प बसलेली जीभ आता इथं उघडतो.

१

आधी हा ‘फ्रीलान्स’ कोण ते बघू. इंग्रजी शब्दात ‘फ्री’ आहे, त्याला आपली पोरं भुलतात. मोकळा लेखक! साहेब नाही, हजेरी नाही, भोंगा नाही. मनात येईल तेव्हा लिहितो.

आमच्या गिरणीच्या भाषेत याला बदलीवाला म्हणतात.

माझा आजा मुंबईला परळच्या बाजूला एका गिरणीत होता. कायम व्हायच्या आधी सहा वर्षं त्यानं बदलीत काढली. भोंग्याच्या आधी गेटावर जाऊन उभं राहायचं. ज्याचा खाडा पडेल त्याच्या जागी बदलीवाला आत. खाडा नाही पडला तर परत खोलीवर. त्या दिवसाचा पगार नाही. गेटावर तीस माणसं, आत जागा चार. मुकादम यायचा, बोट दाखवायचा, तू, तू, तू, तू. कोण त्याच्या गावचा, कोण त्याला गावाकडून कोंबडी आणून देणारा, कोण नुसताच पुढं घुसलेला.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात आजाही होता. त्याला गिरणीनं परत घेतलं नाही. तो गावाला आला आणि मरेपर्यंत गिरणीच सांगत राहिला. त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलंय : “गेटावर आमी तीस जण एकमेकाकडं दुस्वासानं बघायचो. मुकादमाकडं कोण बघतच नव्हता.”

बस्स. शिबिरातल्या त्या पाहुण्यांचं दोन तासांचं व्याख्यान आजानं दोन ओळींत फाडून ठेवलंय.

‘स्पर्धेत वेगळे दिसा’ म्हणजे काय? गेटावरच्या तीस जणांत मुकादमाचं बोट तुझ्याकडं वळेल असं काहीतरी कर. छाती पुढं काढ. स्वस्तात येतो म्हण. दोन तास जास्त थांबतो म्हण. पण जागा चारच का, बदल्या तीस का, आणि बोट एकाच माणसाचं का, हे विचारू नकोस. ते विचारशील तर तू ‘वेगळा’ नव्हे, ‘भानगडखोर’.

लिहिण्याच्या बाजारात हेच चाललंय. मी लेख दिला की मला सांगतात, तुमच्याहून कमीत लिहिणारे वीस जण बसलेत. त्या वीस जणांनाही हेच सांगतात, आणि त्यांच्या वीस जणांत मी असतो. म्हणजे मला माझ्याच नावाची भीती दाखवून माझाच दर पाडतात! आता तर यंत्रही लिहितं. ते चहा मागत नाही, आणि मानधन कधी मिळेल म्हणून फोन करत नाही. आमच्या कोन खात्यात ऑटोकोनर आला तेव्हा धाग्याला सांधा मारणारे बायकांचे हात असेच एका रात्रीत महाग ठरले. त्या हातांची गोष्ट पुढं सांगतोच.

२

आता बाजार आम्हालाच वेगळा का म्हणतो, ते ऐका.

दर वर्षी मार्चच्या शेवटी माझा फोन वाजतो. “नमस्कार, चौदा एप्रिलसाठी आठशे शब्द पाहिजेत. धगधगीत लिहा. वस्तीतलं काही, आईचं काही, शाळेतलं काही. गिरणी, ठेकेदार, पगार वगैरे नको, तो विषय वेगळा होतो.” दुसरा फोन नोव्हेंबरच्या शेवटी, सहा डिसेंबरसाठी. मधल्या आठ महिन्यांत मी मेलो की जिवंत, कुणी विचारत नाही. मे महिन्यात मी कापसाच्या भावावर लिहून पाठवलं तर उत्तर नाही. जूनमध्ये कवितेच्या घाटावर लिहिलं तर उत्तर आलं, “हा आपला प्रांत नाही.”

माझा प्रांत कोणता? तर जखम. तीही त्यांच्या तारखेला, त्यांच्या मापाची, त्यांना सोसेल एवढी.

आणि त्याबद्दल देतात काय? मानधन. काय शब्द काढलाय! मजुरी म्हटलं तर दर सांगावा लागतो, तारीख पाळावी लागते. मानधन म्हटलं की मान छापील आणि धन पुढच्या महिन्यात. पुढचा महिना कधी उजाडत नाही. मागितलं तर म्हणतात, “तुम्ही चळवळीतले, तुम्ही पैशाचं काय काढता?” च्यायला, त्यांच्या कागदवाल्याला, छापणाऱ्याला, पोस्टाला कुणी असं विचारतं का?

याला नाव आहे. माझ्या आज्याच्या बापाला विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं : येसकरपाळी.

ज्यांनी ती केली नाही अशा आजच्या पोरांसाठी सांगतो. गावकामगार महारांनी आळीपाळीनं करायची ती येसकरकी. चावडीवर बसायचं. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. कुणाच्या घरी मयत झाली की दहा कोसांवर सांगावा घेऊन जायचं. मेलेलं ढोर ओढायचं. आणि संध्याकाळी घुंगुरकाठी वाजवत दारोदार भाकरी मागायची. घरात घ्यायचं नाही, ओट्याखालून हाक द्यायची, वरून पडेल ते घ्यायचं. त्याला हक्क म्हणायचे! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते याच हक्काच्या गुलामीसाठी. तो ‘हक्क’ सोडायला आपल्याच माणसांना सांगावं लागलं. ती कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर.

वतन गेलं. घुंगुरकाठी गेली. पण बघा, फोन वाजला की आपण पळतो. सण त्यांचा, सांगावा आपण न्यायचा. आत बोलावत नाहीत, ओट्याखालून हाक. वरून पडेल ते मानधन. आणि आपला लेखक घरी येऊन बायकोला सांगतो, माझं छापून आलं!

लेखणीची ही येसकरपाळी आहे. ती करणारा आणि न करणारा, एवढाच फरक मी लेखकालेखकांत मानतो.

३

आता कुणीतरी म्हणेल, तुझं ठीक आहे, तुला गिरणीचा पगार आहे. ज्याचं पोट लिहिण्यावर आहे त्यानं काय करावं? हवा खावी?

नाही. मजुरी घ्यावी. मोजून घ्यावी. उधारीवर क्रांती करू नये. मी फुकट लिहिण्याचं कौतुक करायला बसलो नाही. फुकट राबवणं आपल्याला नवीन नाही, त्याला तर वेठबिगार म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. हात विकणं आणि जीभ विकणं यांत कुठं रेघ ओढायची?

ही रेघ कुठं असते ते १९३६ साली दिसलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना आपल्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं. मंडळ सुधारक सवर्णांचं. भाषण लिहून झालं, मंडळाच्या लोकांनी वाचलं आणि त्यांना घाम फुटला. जातीविरुद्ध बोला, पण धर्मशास्त्राला एवढं लावू नका. हे वगळा, ते गाळा. आजच्या भाषेत सांगायचं तर ऑर्डर देणाऱ्यानं ‘थोडे बदल’ मागितले. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद बारगळली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. पंधराशे प्रती. दोन महिन्यांच्या आत संपल्या. ‘जातीचे निर्मूलन’ ते हेच. आज त्या मंडळाचं नाव आपल्याला माहीत आहे ते कशामुळं? त्यांनी नाकारलेल्या भाषणामुळं.

लेखकाला गर्दीतून वेगळा काढणारी गोष्ट ही. तो काय लिहितो यापेक्षा, काय गाळायला तयार होत नाही.

पण इथं थांबलो तर मी लबाडी केली असं होईल. कारण ‘नाही’ म्हणायला पाठीमागं काहीतरी लागतं. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांची भाकरी मंडळाच्या हातात नव्हती. म्हणून स्वातंत्र्याच्या गोष्टी करताना भाकरीची गोष्ट आधी केली पाहिजे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. ‘केसरी’कडं पैसे भरून जाहिरात पाठवली होती, ती त्यांनी छापली नाही. पैसे रोख होते हो! स्पर्धा, बाजार, मागणी-पुरवठा म्हणतात ना? इथं गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं, आणि दुकानदार म्हणतो, तुला माल नाही. जात आली की बाजारसुद्धा सोवळं नेसतो.

१९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढलं. बाबासाहेब एकटे चोवीस-चोवीस रकाने लिहून भरत. पगार नाही, मदतनीस नाही. आणि ते पत्र १९२९ मध्ये बंद पडलं. लेखक कमी पडला म्हणून नव्हे. वर्गणी कमी पडली म्हणून. हे आपण भाषणांत सांगत नाही, कारण त्यात दोष आपल्याकडं येतो. आपण टाळ्या वाजवल्या, वर्गणी भरली नाही.

म्हणजे लेखकाचा कणा त्याच्या एकट्याच्या पाठीत नसतो. अर्धा वाचणाऱ्याच्या खिशात असतो. ज्या वस्तीनं आपल्या लेखकाला वर्गणी दिली नाही, तिनं त्याला गेटावर उभा केला. मग तो मुकादमाकडं बघून हसला तर बोंब मारू नका.

४

“पण गुणवत्ता असेल तर कुणी अडवू शकत नाही.” हे तर पाहुण्यांचं आवडतं वाक्य. सगळ्यांना मैदान सारखंच, धावा आणि जिंका.

गिरणीतल्या मैदानाची गोष्ट सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं खातं म्हणजे विणखातं. महाराला, मांगाला, चांभाराला तिथं साच्यावर उभं करत नव्हते. का? धोट्यात नवी नळी घातली की धागा तोंडानं चोखून बाहेर काढावा लागे. अस्पृश्यानं चोखलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? धागा बाटेल! म्हणून आपली माणसं रिंगखात्यात, कमी पगारावर. बोटांत कितीही कला असू दे. १९२८ च्या मोठ्या संपात लाल बावटा, मजुरांची एकजूट, सगळं होतं. पण या धोट्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बाबासाहेबांनी तो प्रश्न धसाला लावला आणि मागण्यांत घालायला लावला.

आता सांगा, विणकर आणि रिंगवाला यांच्यात ‘स्पर्धा’ कधी झाली होती? तो पळत होता आणि याला दारातच बसवला होता. तरी पगाराच्या दिवशी म्हणायचे, तो कुशल आणि हा अकुशल.

भाषेचाही असा धोटा आहे. आमच्या तोंडचा शब्द त्यांना तोंडात घ्यायचा नसतो. लेख पाठवला की ‘व्हतं’चं ‘होतं’ करतात, शिवी काढतात, जातीच्या नावाच्या जागी ‘विशिष्ट समाज’ घालतात. आणि मग म्हणतात, तुमच्या लिखाणातली धग कुठं गेली? अरे, तुम्हीच विझवली की.

अण्णा भाऊ साठे घ्या. वाटेगावचा माणूस. शाळेत गेला तो एक-दीड दिवस. पायी मुंबईला आला, गिरणीत राबला, हमाली केली. १९४४ ला अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं त्याचं उद्घाटन या माणसानं केलं. १९५९ ला ‘फकिरा’ आली, ती त्यानं बाबासाहेबांना अर्पण केली. तिला १९६१ ला सरकारी बक्षीस मिळालं. त्याच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. आणि १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गोरेगावात गरिबीतच गेले. पुढं २००२ साली सरकारनं त्यांचं पोस्टाचं तिकीट काढलं, चार रुपयांचं.

आता त्या पाहुण्यांना विचारा, अण्णा भाऊ स्पर्धेत वेगळे दिसत नव्हते काय? त्यांच्यासारखा दुसरा होता कोण? गर्दीत उठून दिसल्यानं पोट भरतं ही थाप आहे. उठून दिसणाऱ्याचा सगळ्यांनी धंदा केला, आणि तो मेल्यावर त्याला चिकटवून पत्रं पाठवली.

५

आता माझी स्वतःची झडती देतो. दुसऱ्यावर धोंडा मारायचा तर आपला खिसा आधी उलटा करून दाखवावा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गिरणीच्या मोठ्या साहेबांच्या षष्ट्यब्दीचा गौरव-अंक निघाला. मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. चहा आला तो कपबशीत. “तुम्ही लेखक आहात असं कळलं. कामगारांच्या वतीनं चार शब्द लिहा.” तीन हजार रुपये, रोख, आगाऊ.

मी लिहिलं. ‘कामगारांचे पितृतुल्य छत्र.’ ‘गिरणी नव्हे, एक कुटुंब.’ हे शब्द माझ्या हातानं लिहिले. पोटासाठी लिहिले असंही म्हणत नाही. नाही म्हटलं असतं तर बहुतेक काढलंही नसतं. मी विकलो गेलो तो त्या खुर्चीपाशी. बापजन्मात आमच्या घरात कुणाला ऑफिसात खुर्ची दिली नव्हती.

त्याच महिन्यात कोन खात्यात ऑटोकोनर बसला. जुनं वाइंडिंग बंद. दहा बायकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कागद नाही, नोटीस नाही, हिशोब नाही. तोंडी. त्यांतली एक मावशी माझ्याच गल्लीतली. रातपाळीला मला तिच्या डब्यातली चटणी-भाकरी मिळायची. गौरव-अंक गावात वाटला गेला तेव्हा ती नळावर भेटली. म्हणाली, “तुझं छापून आलंय म्हणं. वाच की.”

मी वाचलं. पळून जाता आलं नाही म्हणून वाचलं. तिनं सगळं ऐकलं. घागर उचलून कमरेवर घेतली आणि म्हणाली, “लई ग्वाड लिवतोस रं बाळा. पर ह्यात आमी धा जणी कुठं हाय?”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते तीन हजार मी परत केले नाहीत. घरावर पत्रे घातले होते. पाऊस पडला की अजून ते पत्रे वाजतात, आणि मला झोप लागत नाही.

मग मी दुसरा कागद लिहायला घेतला. दहा जणींचा अर्ज. नाव, खातं, किती वर्षं, शेवटचा पगार. मावशीपुढं मी लिहिलं, अकरा वर्षं. तिनं हात धरला. “अकरा न्हाई. अकरा वर्सं आट म्हयनं.” मी म्हटलं, मावशी, आठ महिन्यांनी काय होतंय? पण विचारल्यावर कळलं. ग्रॅच्युइटीच्या हिशोबात वर्षाला पंधरा दिवसांचा पगार धरतात, आणि शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या वर गेला तर त्याचं पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे मावशीची बारा वर्षं. माझ्या एका गोल शब्दानं तिची पंधरा दिवसांची मजुरी बुडाली असती.

त्या दिवशी मला लिहिणं काय असतं ते समजलं. ना शिबिरात समजलं, ना कवीसंमेलनात. नळावर समजलं. अर्ज गेलाय. निकाल लागलेला नाही. पण त्या कागदातला एक अक्षर इकडं तिकडं नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी तो तपासलाय.

रिंगवर धागा तुटला की सांधा मारावा लागतो. कच्चा सांधा त्या वेळी दिसत नाही. कोनावर गुंडाळला जातो, चकाकतोसुद्धा. तो तुटतो पुढं, विणताना. आपलं पुष्कळ लिखाण असं कच्च्या सांध्याचं आहे. ‘हजारो वर्षांचा अंधार’, ‘सूर्य’, ‘ज्वालामुखी’. अरे, सूर्य किती वाजता उगवला आणि त्या वेळी पाळीवर कोण होतं ते लिही की! आपलं दुःख हजेरीपटासारखं लिहायला पाहिजे. नाव, तारीख, आकडा. हजेरीपट कुणाला गोड लागत नाही, पण तो कोर्टात उभा राहतो.

६

शेवटी आपल्याच पोरांना चार शब्द. राग आला तर येऊ द्या.

आपण एकमेकांत काय लावलंय? तुझी जखम मोठी की माझी? तुझी झोपडी खरी की माझी? याला स्टेज मिळालं, त्याला पुरस्कार मिळाला, मग तो विकला गेला. मला मिळालं की मात्र ‘चळवळीचा सन्मान’. क्रांतिकारी कवी म्हणून लेटरहेड छापणारे मी बघितलेत. निळ्या झेंड्याखाली उभं राहून एकमेकांचा दर पाडणारेही बघितलेत. पाहुण्यांचं शिबिर न करताच आपण ते पाठ केलंय. तीस जण गेटावर, एकमेकांकडं दुस्वासानं बघतोय.

मुकादमाकडं बघा रे जरा.

माझ्याकडं मोठा कार्यक्रम नाही. चार गोष्टी आहेत, त्या गिरणीतच शिकलो.

पहिली, दर लपवू नका. कोण किती देतो ते एकमेकांना सांगा. मला आठशे शब्दांचे पाचशे आणि तुला तीनशे, हे दोघांना कळलं तर उद्या दोघंही पाचशेच्या खाली उतरणार नाही. लपवाछपवीत फायदा एकट्या मुकादमाचा.

दुसरी, न विचारता शब्द बदलला तर लेख परत मागा. एकट्यानं मागितला तर हसतील. दहा जणांनी मागितला तर फोन येईल.

तिसरी, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना आधी वाचून दाखवा. नळावर, पारावर, पाळी सुटल्यावर. त्यांनी मान हलवली तर छापा. त्यांनी ‘आमी कुठं हाय’ विचारलं तर फाडा.

चौथी, आपल्या अंकाची वर्गणी भरा. हा अंक फुकट घेऊन चार जणांत फिरवणं ही चळवळ नव्हे. ‘बहिष्कृत भारत’ कशानं बंद पडलं ते वर लिहिलंय. जो आज वर्गणी बुडवतो, त्यानं उद्या कुठल्याही लेखकाला विकाऊ म्हणू नये.

बाकी स्पर्धा म्हणाल, तर या मार्चच्या शेवटीही फोन आला. आठशे शब्द, धगधगीत. मी म्हटलं, लिहितो. दहा बायकांच्या हिशोबावर लिहितो, आकड्यांसकट. पलीकडं थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, बघतो, दुसरे पुष्कळ जण आहेत.

असतील. त्या दुसऱ्यांनो, तुम्ही हा अंक वाचत असाल. उद्या तुम्हाला फोन आला तर तुम्हीही मावशीचा हिशोबच लिहून द्या.

जय भीम.

— एक सायडर, रातपाळी